महाकाळकरांची धूळमोजणी

पिपरी मेघेतल्या अच्युतराव महाकाळकरांच्या घरात अंगावर काही न घेता राहणारं यंत्र म्हणाल तर एकच होतं, ते म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. झाकलं तर वेळ दिसत नाही, एवढ्या एकाच कारणानं ते सुटलं होतं. बाकी सगळ्यांना वस्त्रं होती. टीव्हीला झालरीचं कव्हर, मिक्सरला चौकटीच्या कापडाची टोपी, फ्रीजच्या डोक्यावर खिसेवाली चादर आणि हँडलला मोजा, शिलाई मशीनला जुन्या पडद्याचा झगा. टीव्हीचा रिमोट तर आणल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत राहत आला होता, आणि त्याच्या बटणांचा खरा रंग कोणता हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. हा सगळा मीराबाईंचा कारभार. यंत्राला धूळ लागली की ते दमतं, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि उभ्या संसारात अच्युतरावांना ती खोडून काढता आली नव्हती.

आता धूळ कुठं नसते? पण पिपरी मेघेतली धूळ साधी नव्हती. बायपासच्या पलीकडे कारखान्यांची वसाहत, तिथं लोखंडाचा एक कारखाना, आणि त्याची चिमणी अच्युतरावांच्या गच्चीवरून थेट दिसायची. दिवसा ती अशी सोज्वळपणे उभी असायची की हिनं कधी साधी विडीसुद्धा ओढली नसेल असं वाटावं. सकाळी उठून पाहावं तर गच्चीवर काळी, चमचमणारी पूड. अनवाणी गेलं तर तळवे काळे, वाळत घातलेल्या कुरड्या काळ्या, तुळस काळी. मीराबाई तुळशीचं एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि पुसता पुसता खोकायच्या. हा खोकला आधी सकाळचा होता, मग सकाळ-संध्याकाळचा झाला, आणि पुढे त्यानं वेळापत्रकच पाळणं सोडलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि सांगितलं, "धूळ टाळा." पाण्यात राहणाऱ्याला ओलं होऊ नका म्हणण्यातलाच हा प्रकार. शेजाऱ्यांना तर एवढ्यावर थांबण्याचाही संयम नव्हता. शेजारचे भैय्याजी एसटीतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. समोरच्या माणसानं काहीतरी लपवलेलंच आहे, अशा नजरेनं ते प्रत्येकाशी बोलत.

"वहिनी, दही खाता का?"

"नाई."

"ताक?"

"नाई."

"मंग लपून चिंच खात असान."

निदान चिंचेपाशी येऊन थांबलं. पुण्याहून मुलगी इला रोज फोन करायची की आई-बाबा, तुम्ही इकडे या. मीराबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुह्या त्या फ्लॅटात सडा कुठं टाकू मी? लिफ्टमध्ये?"

अच्युतराव जिल्हा परिषदेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. जे कागदावर नाही ते जगात नाही, हा त्यांचा धर्म. धूळ आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण डोळ्यांना जावक क्रमांक नसतो. तेव्हा आधी ही धूळ कागदावर आली पाहिजे. ती शिक्क्यासह आकड्यात आली, की कारखान्याला धूळ अडवणारी यंत्रणा रात्रंदिवस चालवावीच लागेल, आणि मीराबाईंना आपल्याच अंगणात सुखानं श्वास घेता येईल. हिशेब सरळ होता. त्यांनी चष्मा पुसला आणि 'विषय : निवासी भागातील हवेतील धूलिकण मोजणेबाबत' असा मथळा घालून संबंधित कार्यालयाला अर्ज केला.

पहिलं उत्तर आलं की औद्योगिक भागातली मोजणी नियमित चालू आहे, काळजी नसावी. अच्युतरावांनी लिहिलं की अर्जदार औद्योगिक भागात राहत नाही. दुसरं उत्तर आलं की निवासी भागाची मोजणी योजनेत नाही. अच्युतरावांनी त्यांच्याच जुन्या परिपत्रकाचा संदर्भ देऊन लिहिलं की आहे. लिपिकानं लिपिकाला दिलेली ती झुंज होती आणि तिची गोडी ज्यानं टेबलावर आयुष्य काढलं त्यालाच कळावी. शेवटी कार्यालय थकलं. योग्य गच्ची उपलब्ध झाल्यास यंत्र बसवण्यात येईल, असं पत्र आलं. त्या दिवशी अच्युतरावांनी मीराबाईंना पत्र दोनदा वाचून दाखवलं. मीराबाई म्हणाल्या, "माह्या खोकल्यासाठी एवढं लिहिलं तुम्ही? लग्नाआधी तं एक चिठ्ठी नव्हती धाडली." आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

गच्ची योग्य म्हणजे कशी, तर आसपास उंच झाड नको, चूल नको, वीज हवी. अच्युतरावांची गच्ची पास झाली. इकडे भैय्याजींची झोप उडाली. एक तर त्यांची गच्ची वीतभर उंच असून तिला कोणी विचारलं नाही, हा अपमान. दुसरं म्हणजे कॉलनीच्या टोकाला त्यांचा एक प्लॉट विकायचा होता.

"अच्युतराव, हवा खराब निघाली तं प्लॉट कोण घेईन?" ते कुंपणावरून म्हणाले.

"पण हवा खराब आहेच ना, भैय्याजी."

"आहे ना. पण ते आपल्याआपल्यात आहे. कागदावर कायले आणता?"

यंत्र आलं ते टेम्पोतून, आणि त्याच्यासोबत स्कूटीवर वेदश्री आली. मोजणीचं काम ज्या संस्थेला दिलं होतं तिथली ही पोरगी. आमच्या विदर्भातल्या पोरी उन्हाळ्यात गाडीवर बसल्या की ओढणी अशी काही गुंडाळतात की सख्ख्या बापानंही फक्त डोळ्यांवरून ओळखावं. वेदश्रीनं मानेमागची गाठ सोडली तेव्हा कुठं आत एक हसरा चेहरा आहे हे कळलं. यंत्र माणसाच्या छातीएवढ्या उंचीचं, लोखंडी, वर कौलारू घरासारखं उतरतं झाकण. झाकणाखालच्या फटीतून ते हवा ओढणार, आतला पांढरा कागद ती गाळणार, आणि कागदाचं आधीचं आणि नंतरचं वजन यातला फरक म्हणजे धूळ. वेदश्रीनं हे इतकं सोपं करून सांगितलं की भैय्याजींनाही समजलं, आणि त्यामुळे ते जास्तच घाबरले.

गच्चीचा जिना लोखंडी आणि गोल. यंत्र त्यातून मावेना, म्हणून ते बाहेरून दोरानं ओढायचं ठरलं. अर्जदार या नात्यानं अच्युतरावांनी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून सूचना द्यायला सुरुवात केली. "डावीकडे! जरा उजवीकडे! हां, आता वर!" यंत्र वर गेलं आणि अच्युतराव खाली आले. जास्त नाही, पाचसहा पायऱ्या, पण बसून आले. पायाला प्लास्टर लागलं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. सरकारी यंत्र आपल्या गच्चीवर आणि आपण त्याच्या खाली बाजेवर, अशी त्यांची अवस्था झाली. वर यंत्र सुरू झालं तेव्हा पिठाची गिरणी लागल्यासारखा आवाज आला, आणि त्यांना त्या आवाजावर समाधान मानावं लागलं.

यंत्राचं पहिलं दर्शन त्यांच्याऐवजी मीराबाईंनी घेतलं. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा होते, मग सरकारी यंत्रानं काय पाप केलं? त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि उदबत्तीचा अख्खा पुडा त्याच्या फटीसमोर लावून दिला. कापूरही लावला. यंत्रानं तो सगळा भक्तिभाव मन लावून ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी वेदश्रीनं कागद काढला तर तो तव्यासारखा काळा.

"काकू! इथं काय जाळलं?"

"काई नाई वं, पूजा केली फक्त."

"अहो काकू, हा कागद वाया गेला. याच्याजवळ धूर नाही चालत, घाण नाही चालत. जे जवळ येईल ते सगळं हा आत घेतो."

मीराबाई खाली आल्या. त्या वाक्यानं त्यांच्या मनात घर केलं. आणि एकदा मीराबाईंनी मनावर घेतलं म्हणजे कॉलनीनं घेतलं. पाचोळा जाळणं बंद झालं, गच्चीवर पापड भाजणं बंद झालं. भैय्याजी तर रस्त्यावर पाइपनं पाणी मारू लागले. प्लॉटसाठी, हे उघडच होतं, पण तोंडानं म्हणत, "पाहुणा आहे गावात, त्याच्या डोळ्यात धूळ जाऊ नये." अच्युतराव बाजेवरून ओरडायचे की अहो, धूळ जावी म्हणूनच तर आणलाय! पण प्लास्टरमधल्या माणसाचं कोण ऐकतं.

पुढे वेदश्री आठवड्यातून ठरल्या दिवशी येऊ लागली. मीराबाई तिला ताक द्यायच्या आणि मग दोघी हळूहळू जिना चढायच्या, मधे दोनदा थांबून. खरं तर मीराबाईंनी चढायला नको होतं. अच्युतराव रोज तसं सांगायचे. "तुमचा पाय मोडला, अन् ते एकटं आहे वर," असं उत्तर मिळायचं. लाइट गेली की यंत्र बंद पडायचं आणि मीराबाई अस्वस्थ व्हायच्या. आली की ते पुन्हा घरघरायचं आणि यांचा जीव भांड्यात पडायचा. अर्ज अच्युतरावांनी केला होता, पण यंत्र आता मीराबाईंचं झालं होतं.

एक दिवस बाजेवर पडल्या पडल्या अच्युतरावांना जिन्यातलं बोलणं ऐकू आलं.

"पोरी, तू तं तोंड बांधून येते, अन् ते बिचारं दिवसभर उघड्या तोंडानं ओढून राह्यलं. त्याले खोकला नाई होत?"

वेदश्री हसली. "काकू, त्याचं कामच ते आहे."

"काम तं माह्यंही श्वास घ्यायचंच आहे," मीराबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. बाजेवर अच्युतरावही हसले. पुढे कित्येकदा त्यांनी मनाशी म्हटलं, की तेव्हा हसण्याऐवजी उठून बसलो असतो तर.

उन्हाळा संपला, पाऊस लागला. प्लास्टर निघून हातात काठी आली. आणि श्रावणात एक दिवस तो लिफाफा आला, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं. अच्युतरावांनी हात धुतले, देवासमोर बसले, कात्रीनं लिफाफा कापला. आकडे होते, सही होती, गोल शिक्का होता. आणि तळाशी शेरा होता. 'पिपरी मेघे निवासी भागातील हवेची गुणवत्ता : समाधानकारक.'

त्यांनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. आतून मीराबाईंच्या खोकल्याचा आवाज येत होता.

बातमी कॉलनीत पसरायला भैय्याजी पुरेसे होते. त्यांनी संध्याकाळी देवळासमोरच्या ओट्यावर अच्युतरावांचा जाहीर सत्कारच ठेवला. शाल आली, श्रीफळ आलं. "अच्युतरावांनी आपल्या हवेले सरकारी सर्टिफिकेट आणलं!" भैय्याजी माइकवरून म्हणाले, "आता पुण्या-मुंबईचे लोक इथं हवा खाले येतीन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीराबाई पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून खोकत होत्या आणि मधे उसंत मिळाली की टाळ्या वाजवत होत्या. नवऱ्याला शाल मिळाली याचा त्यांना फार आनंद झाला होता. अच्युतरावांना ती शाल भर पावसाळ्यात टोचत होती. आयुष्यभर त्यांनी खोटे दाखले ओळखले होते, पण हा खरा होता. सही खरी, शिक्का खरा, जावक क्रमांक खरा. भैय्याजींचा प्लॉट त्याच महिन्यात विकला गेला.

पाठोपाठ दुसरं पत्र आलं. हवा समाधानकारक आढळल्यामुळे ती यापुढे मोजण्याची आवश्यकता राहिलेली नाही, सबब यंत्र हलवण्यात येत आहे. टेम्पो ठरल्या वेळेच्या आधीच आला, वेदश्रीही आली. निरोपाच्या वेळी तरी आपण आपलं यंत्र पाहावं म्हणून अच्युतराव काठी टेकत जिना चढले. किती महिन्यांनी ते गच्चीवर येत होते. वर पोचले आणि उभेच राहिले.

यंत्राचं तोंड बांधलेलं होतं. मीराबाईंच्या जुन्या अबोली सुती पातळाचा तुकडा, दुहेरी घडी घालून, फटीभोवती सगळीकडून नीट गुंडाळलेला. मागे गाठ. पोरी स्कूटीवर बसताना मारतात तशी.

"थांबा, थांबा, सोडते," मागून धापा टाकत मीराबाई आल्या. "वेदश्री, तू आज लवकर आली ना पोरी. एरवी तू यायच्या दिवशी सकाळीच वर येऊन सोडून ठेवत होती मी. पाहुण्यासमोर जुनं फडकं बरं नाई दिसत." त्यांनी गाठ सोडली आणि कापड उलगडून दोघांपुढे धरलं. बाहेरची बाजू कोळशासारखी काळी होती. आतली बाजू अबोली. "पाहा. पूजेच्या दिवशी तुह्यं वाया गेलं ना, तवापासून एवढंसंही नाई जाऊ देल्लं त्याच्या पोटात. दर आठवड्याले नवा तुकडा. आपल्याले झालं ते झालं, त्याले कायले व्हाव?"

वेदश्रीचा चेहरा पांढरा पडला. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अच्युतरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी किंचित मान हलवली. साहेबासमोर, फाइलवर, भर सभेत, नको ते बोलणाऱ्याला गप्प करायची ती जुनी मान होती. वेदश्रीनं तोंड मिटलं.

"बरं केलं, मीरा," अच्युतराव म्हणाले. 

यंत्र दोरानं खाली गेलं. मीराबाईंनी टेम्पोवाल्याला बजावलं की हळू ने, आणि टेम्पो वळेपर्यंत कठड्याशी उभ्या राहिल्या.

इथं तुम्ही म्हणाल, मग अच्युतरावांनी लगेच कार्यालयाला का नाही कळवलं? लिहायला बसले होते ते. 'विषय' लिहिला, 'संदर्भ' लिहिला, आणि पुढचं वाक्य आलं की अर्जदाराच्या पत्नीने. पत्नी समोर शेंगा सोलत बसली होती. "काय लिहून राह्यले?" तिनं विचारलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. जिला वाटतं आपण एका मुक्या जिवाची छाती वाचवली, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं की बाई, तू आपलीच साक्ष पुसून टाकलीस?

त्यांनी दुसरी वाट धरली. "मीरा, चल, इलाकडे जाऊ. चार महिने राहून येऊ."

"आता कायले?" मीराबाई म्हणाल्या. "इथली हवा तं चांगली निघाली ना. शिक्का आहे."

"शिक्क्याचं काय घेऊन बसलीस? कागद काय, कसाही निघतो."

मीराबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं देवाला शिवी दिली. "अहो, तुम्ही म्हणून राह्यले हे? जन्मभर मले सांगतलं, कागदावर आहे तेच खरं. मंग हा खोकला हवेचा नसंनच. चिंचेचा असंन." आणि त्या हसल्या.

अच्युतरावांजवळ याला उत्तर होतं, एका वाक्याचं. ते त्यांनी त्या दिवशी गिळलं, दुसऱ्या दिवशीही गिळलं. दिवाळीत इला आली, तिनं आईला न्यायचा हट्ट धरला, तर मीराबाईंनी देवघरातून तो कागद काढून लेकीसमोर ठेवला. इलानं बापाकडे पाहिलं. बाप घड्याळाकडे पाहत होता. खरं सांगावं तर मीराबाईंचं मन मोडेल, न सांगावं तर त्यांची छाती. अच्युतरावांना मन मोडवेना. माणूस भित्रा असला की भित्रेपणाला दया हे नाव द्यायला फार सोपं जातं, हे त्यांना पुढे कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता.

थंडी पडली तशी धूळ खाली बसेना. सकाळी चिमणीचा धूर घरांवर येऊन टेकायचा. मीराबाईंना मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथं दर खेपेला त्यांचं वजन करायचे आणि अच्युतरावांना उगाच वेदश्रीचा कागद आठवायचा. कागद जड होत जायचा, या हलक्या होत गेल्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला तेव्हा मीराबाईंनी खुणेनं त्यांना जवळ बोलावलं. "ते आता कुठं आहे?" त्यांनी विचारलं. कोण ते, हे सांगावं लागलं नाही.

"दुसऱ्या गावी लावलं म्हणे," अच्युतराव म्हणाले.

"तिथं कोणी बांधते का त्याचं तोंड?"

"बांधतात," अच्युतराव म्हणाले. मीराबाईंना बरं वाटलं. संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. घरात पाहुण्यांसाठी केलेली तिळाची वडी तशीच डब्यात राहिली.

दिवस झाले, पाहुणे गेले, इलाही गेली. जाताना तिनं बाबांनाही बोलावलं, पण बाबा म्हणाले, काम राहिलंय. मग अच्युतरावांनी घर आवरायला काढलं. शिलाई मशीनच्या झग्याखाली एक पिशवी निघाली. त्यात अबोली पातळाचे तुकडे होते, घडी घालून ठेवलेले, सगळे एका बाजूनं काळे. आपल्याला बरं वाटलं की धुवू, म्हणून बाईंनी बाजूला काढून ठेवले असणार. वरती एक न वापरलेला तुकडाही होता, कोरा अबोली. अच्युतराव जमिनीवर बसले आणि एकेक घडी उघडत गेले. कुंपणापलीकडून भैय्याजी काहीतरी सल्ला द्यायला आले होते. दारातूनच त्यांनी ते कापड पाहिलं, विचारलं, ऐकलं, आणि उंबऱ्यावर बसले.  मग म्हणाले, "मी रस्त्यावर पाणी मारत होतो, अच्युतराव." त्यांचा आवाज तिकीट तपासनिसाचा नव्हता.

पिशवी घेऊन अच्युतराव कार्यालयात गेले. साहेब तरुण होता, भला होता. त्यानं तुकडे टेबलावर पसरून पाहिले.

"काका, या कापडांचं आधीचं वजन घेतलं होतं का?"

"नाही."

"मग यावरून काहीच सांगता येत नाही. आधीचं वजन नसेल तर फरक कसा काढणार?"

"फरक मला माहीत आहे," अच्युतराव म्हणाले.

साहेबानं मान खाली घातली. मग म्हणाला, की तुम्ही रीतसर अर्ज करा, आधीची मोजणी सदोष होती असं कारण लिहा, मी पुन्हा मोजणीची शिफारस करतो. अच्युतरावांनी तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. 'अर्जदाराच्या पत्नीने' हे वाक्य या वेळी त्यांनी पुरं केलं, कारण समोर शेंगा सोलायला कोणी नव्हतं. अर्ज टेबलांवरून फिरत फिरत गेला आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आला. मंजूर होता, पण एका अटीवर. यंत्राशी पुन्हा छेडछाड होणार नाही, असं हमीपत्र घरमालकानं द्यावं.

अच्युतरावांनी आयुष्यात हजारो मसुदे लिहिले. सोपी, सरळ, खाडाखोड नसलेली त्यांची भाषा साहेबलोक नमुना म्हणून दाखवायचे. हे हमीपत्रही त्यांनी तसंच लिहिलं.

'मी, अच्युत महाकाळकर, राहणार पिपरी मेघे, लिहून देतो की, सदर यंत्राच्या तोंडावर कापड बांधणारी व्यक्ती आता हयात नाही. सबब पुन्हा तसे घडण्याची शक्यता नाही.'

खाली सही केली, तारीख टाकली. आवक कारकुनानं वाचलं, वर पाहिलं, आणि शिक्का जरा हळूच मारला.

यंत्र परत आलं. या खेपेला दोर भैय्याजींनी धरला आणि पूर्णवेळ एकही सल्ला दिला नाही. वेदश्रीनं मानेमागची गाठ सोडली, आत नवा पांढरा कागद बसवला, बटण दाबलं. पिठाची गिरणी सुरू झाली. "काका, मी येते," ती म्हणाली आणि लगबगीनं जिना उतरली. तिला डोळे पुसायचे होते.

अच्युतराव एकटेच उरले. ऊन चढत होतं, पलीकडे चिमणी सोज्वळपणे उभी होती. यंत्र उघड्या तोंडानं हवा ओढत होतं, मुकाट्यानं, जे येईल ते. सदऱ्याच्या खिशात तो कोरा अबोली तुकडा होता. तो घेऊन आपण वर का आलो हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांचा हात खिशाकडे गेला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"घे बाप्पा," ते यंत्राला म्हणाले. "तिनं घेतली तीच हवा आहे. सगळी घे."

वेदश्रीची स्कूटी सुरू झाल्याचा आवाज खालून आला. अच्युतराव तसेच हात मागे धरून यंत्राशेजारी उभे राहिले.